ताग गाडूनसुद्धा ऊस पिवळा का पडला? आणि दाजीपूरच्या जंगलाला खत कोण घालतं?

भोगावती_काठ

नमस्कार मंडळी. करवीर तालुक्यात नदीकाठाला आमचं सव्वादोन एकर रान आहे, काळी जमीन, आजोबांपासून ऊसच. लावण, मग तिच्याच बुडख्यावरचा खोडवा, कधी त्याच्या पुढचा निडवा पण. माती परीक्षणात सेंद्रिय कर्ब (कार्बन) ०.४२ टक्के आला म्हणून मागच्या वर्षी ठरवलं की आता ताग करायचाच, म्हणजे हिरवळीचं खत म्हणून पेरून कोवळा असतानाच रानात गाडायचा. जूनच्या पहिल्या पावसावर एकरी २५ किलो पेरला, काय देखणा आला म्हणून सांगू, माणूस आत गेला तर दिसत नव्हता. पण ४५-५० दिवसांनी गाडायचा म्हणेपर्यंत जुलैचा पाऊस असा लागला की वापसाच येईना, रान औत घालण्याइतकं सुकेचना. ऑगस्ट संपता संपता उघडीप मिळाली तेव्हा ताग ८० दिवसांचा झालेला, रोटर मारला, आठ दिवसात सरी सोडली आणि लावण केली.

उगवण चांगली झाली पण पुढं दीड महिना ऊस पिवळाच, फुटवाच धरेना. बांधाला लागून भावकीचं रान, तिथं ताग नाही काय नाही आणि ऊस काळाभोर. घरात रोज ऐकून घ्यावं लागलं. दुकानदारानं अजून दोन पोती युरिया टाका म्हणून सांगितलं, टाकला, मग जरा सावरलं.

दुसरं म्हणजे जानेवारीत पोरांना घेऊन दाजीपूरला, राधानगरीच्या अभयारण्यात गेलो होतो. वाटेच्या कडेला पाचोळा पायानं सारला तर खाली माती काळी, भुसभुशीत, मुठीत घेतली तर वास पहिल्या पावसासारखा. तिथं पाऊस आमच्या चौपट-पाचपट, सगळं धुऊन जायला पाहिजे, तरी झाडं बघा. आणि आपण आडसालीला (जुलै-ऑगस्टची लावण) हेक्टरी ४०० किलो नत्र (नायट्रोजन) धरायचं आणि तरी कर्ब खालीच. ताग चुकीचा की माझंच काय चुकलं? ज्यांनी केलंय त्यांनी खरं सांगा, यंदा परत करायची इच्छा आहे पण घरच्यांना समजावून सांगता आलं पाहिजे.

माती_वाचणारा

दादा, ताग चुकला नाही, दिवस चुकले. मी कृषी पदवी केली आणि आता घरची शेती बघतो, जमेल तसं सांगतो.

मातीतले जिवाणू ताग खातात म्हणजे त्यांना दोन गोष्टी लागतात, ताकदीला कर्ब आणि अंग धरायला नत्र. हिशोब साधा आहे. कुठलंही वाळलेलं काड १०० किलो घ्या, त्यात कर्ब साधारण ४० किलो असतो. त्यातला दोन तृतीयांश श्वासावाटे हवेत जातो, राहिला तेरा किलोच्या आसपास, तो जिवाणूंच्या अंगाला लागतो. त्यांच्या अंगात आठ भाग कर्बाला एक भाग नत्र असतं म्हणजे त्यांना १.६ किलो नत्र पाहिजे. आता कोवळा ताग असेल तर १०० किलो वाळलेल्या वजनात अडीच किलोपर्यंत नत्र असतं, म्हणजे जिवाणूंचं पोट भरून वर ०.९ किलो उसाला उरतं. तोच ताग जून होऊन दांडा झाला की नत्र सव्वा किलोच्या आसपास येतं, मग कमी पडलेलं ते मातीतून ओढून घेतात, आणि या ओढाओढीत सुरुवातीला जिवाणू उसाच्या मुळीला सहसा जिंकू देत नाहीत. तुमच्या उसाचा पिवळेपणा हाच. पाचटात, म्हणजे उसाच्या वाळल्या पानात तर १०० किलोला अर्धा किलोच नत्र, म्हणून पाचट कुजवताना टनाला ८ किलो युरिया, १० किलो सिंगल सुपर फॉस्फेट आणि १ किलो कुजवणारं जिवाणू संवर्धन टाकायला सांगतात, ते उसासाठी नसतं, जिवाणूंच्या वाट्याचं असतं.

पण ते नत्र गेलं कुठं नाही हे घरी सांगा. जिवाणू मेले, दुसऱ्या किड्यांनी त्यांना खाल्लं की ते परत सुटतं, पुढच्या चार-सहा महिन्यात. भरणीनंतर, म्हणजे उसाला माती लावल्यानंतर तुमचा ऊस कसा होता ते लिहा.

घाटावरची

मी आजऱ्याकडची. जंगलाचं मी सांगते कारण आमचं रान आणि जंगल यात एक बांधच आहे.

जंगल खत घेत नाही हे खरं नाही दादा, जंगल आपलं खत सोडत नाही. झाड पान टाकायच्या आधी त्यातलं नत्र आणि स्फुरद (फॉस्फरस) जवळपास निम्मं परत ओढून घेतं, पान पिवळं पडतं ते त्यामुळंच. उरलेलं पाचोळ्यातून खाली येतं आणि तिथं बुरशीचे पांढरे धागे आणि मुळ्या वरच्या चार बोटात इतक्या दाट असतात की कुजून सुटलं रे सुटलं की उचललं. पाचोळा उचकटून बघा, मुळी पानाला चिकटलेली सापडते. म्हणून गगनबावड्याकडं वर्षाला पाच हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडून पण जंगल उपाशी राहत नाही. जमीन म्हणाल तर जांभ्याची तांबडी, चुना नाही, पालाश (पोटॅश) नाही, कसली श्रीमंत. श्रीमंती सगळी झाडात आणि त्या वरच्या वितीत. झाडं तोडून नाचणी केली की दोन-तीन वर्ष पिकतं आणि मग माळ होतो, म्हणून तर पूर्वीची माणसं कुमरी, म्हणजे जंगल तोडून-जाळून शेती करून जागा बदलत होती.

आणि आमच्यात अजून भाताच्या तरव्याला, म्हणजे रोपवाटिकेला राब भाजतात. ऐनाच्या झाडाच्या फांद्या, पाला, शेण, वर माती आणि पेटवायचं. त्याची राख तरव्याला लागते, तण मरतं, रोप जोमात येतं, फायदा खोटा नाही. पण ते जंगलाचं धन आहे जे आपण डोक्यावरून वाहून दोन गुंठ्यात जाळतो, नत्र तर धुरातच जातं. माझ्या सासूबाईंना मी हे सांगितलं तर त्या म्हणाल्या, "तुझ्या पुस्तकात तरवा येतो व्हय?" मग एका वाफ्यात राब आणि एका वाफ्यात कुजलेलं शेणखत आणि गिरिपुष्पाचा (ग्लिरिसिडिया) पाला असं दोन वर्ष केलं. राबाच्या वाफ्यात तण कमी होतं हे मान्य, पण रोपात फरक दिसला नाही. तिसऱ्या वर्षी त्यांनीच ऐनाला कोयता लावू दिला नाही. बांधावर गिरिपुष्प मात्र लावावं लागलं, आयतं मिळत नाही. तुमच्या पण बांधावर लावा, फांदी खोचली की लागते, वर्षातून दोन-तीनदा छाटून रानात टाकायची.

वारणा_पट्टा

सगळं वाचायला बरं वाटतं पण हातकणंगल्यात एकरी खर्च कुणी काढलाय का. ताग करायचा म्हणजे बियाणं, पेरणी, रोटर, वर दोन महिने रान अडकून. आणि पाचट ठेवलं की उंदीर होतात, साप निघतात, पाटानं पाणी पुढं सरकत नाही, रात्रीच्या लाईटला पाण्याची बारी (पाळी) असते तेव्हा पाचटात पाय घालायला भीती वाटते. मी पेटवतो, खरं सांगतो, आणि ऊस ५५ टन काढतो. राखेत पालाश असतो की.

माती_वाचणारा

तात्या, पाटपाण्याची अडचण आणि सापाची भीती खरी आहे, त्याला मी नाही म्हणत नाही. एक सरी पाचट भरायची आणि एक सरी पाण्याला मोकळी ठेवायची असं बऱ्याच जणांनी केलंय, रात्री चालायला पण तीच सरी. पण राखेचं ऐका, पाचट पेटलं की कर्ब आणि नत्र जवळजवळ सगळं वर जातं, गंधक पण बरंच. पालाश राहतो पण तो राखेत मोकळा असतो, पहिल्या मोठ्या पाण्यात नाहीतर वळवात बराच ओढ्याला जाऊ शकतो.

आणि मला सगळ्यात जास्त पटलेली गोष्ट सांगतो. साखर म्हणजे काय, कर्ब, हायड्रोजन आणि ऑक्सिजन. हवा आणि पाणी. मातीतला एक कणसुद्धा त्यात नाही. म्हणजे कारखान्यात जाऊन साखर तेवढी पोत्यात भरली जाते, आणि आपल्या रानातलं स्फुरद, पालाश जवळजवळ सगळं आणि नत्र काही प्रमाणात प्रेसमडमध्ये (रस गाळल्यावर उरलेला गाळ), बगॅसच्या (उसाचा चोथा) राखेत आणि मळीत राहतं. जंगल हे सोडत नाही असं ताई म्हणाल्या ना, आपण ते ट्रॉलीत भरून पाठवतो. तेवढं प्रेसमड कुजवून परत आणलं आणि पाचट रानातच ठेवलं की निम्मी भाकरी घरात राहिली. तागानं नत्र हवेतून येतं, पण स्फुरद-पालाश तो नवीन तयार करत नाही, खालचं वर आणतो आणि धरून ठेवतो एवढंच. ताग केला म्हणून बाकी खत बंद असं कुणी सांगत असेल तर ऐकू नका.

शिरोळचा_मळेकरी

आमच्याकडं गोष्ट वेगळी. २०१९ आणि २०२१ दोन्ही पुरात रान पाण्याखाली गेलं. पाणी उतरलं की लोक लगेच युरिया फेकतात. पाणी साचलेल्या मातीत हवा नसते, तिथले जिवाणू श्वासाला नायट्रेट वापरतात आणि नत्र वायू होऊन उडून जातं, म्हणजे पैसे आकाशात. आधी पाणी निघालं पाहिजे, वापसा आला पाहिजे, मग खत.

ताग आमच्यात टिकत नाही, मुळाशी पाणी राहिलं की मरतो. धैंचा करा, ते पण तागासारखंच हिरवळीचं पीक. धैंचा पाण्यात उभा राहतो आणि खारवट चोपण (सोडियम वाढून चिकट झालेल्या) रानात पण येतो. मुळ्या कर्बवायू सोडतात त्यानं मातीतला चुना थोडा विरघळतो आणि चुन्यातलं कॅल्शियम सोडियमला हलवतं. पण हललेला सोडियम बाहेर जायला चर पाहिजे, निचरा नसेल तर धैंच्यानं एकट्यानं काय होत नाही, मी तीन वर्ष नुसता धैंचा करून बघितला, चर काढल्यावरच फरक पडला.

अजून एक. झाड उपटून मुळावरच्या गाठी बघायच्या, त्यात हवेतलं नत्र धरणारे जिवाणू असतात. गाठ नखानं फोडली आणि आत गुलाबी लाल निघालं तर नत्र धरतंय, पांढरी हिरवी असेल तर नुसता हिरवा पाला. ज्या रानात युरिया भरपूर पडलाय तिथं गाठीच कमी होतात, झाड आयतं खातं. त्यामुळं ताग-धैंच्याला युरिया अजिबात घालू नका.

भोगावती_काठ

सगळ्यांचे आभार, आज जेवताना हे सगळं मोठ्यानं वाचून दाखवलं. भरणीनंतरचं विचारलंत, तर हो, डिसेंबरात ऊस बांधाच्या पलीकडच्यापेक्षा जास्त काळा दिसायला लागला होता, मला वाटलं दुकानदाराचा युरिया. आणि खोदल्यावर गांडुळं होती, ती आधी दिसत नव्हती. गाठी मी कधी बघितल्याच नाहीत, वाईट वाटलं ते वाचून.

आता यंदा आडसाली धरायची आहे, जुलैचा पाऊस तर परत तसाच लागणार. मग पेरायचा कधी?

माती_वाचणारा

पावसाची वाट बघू नका. तुम्हाला नदीचं पाणी आहे, मेच्या पहिल्या आठवड्यात रान भिजवून पेरा, दोन-तीन पाणी लागतील. जूनच्या २० ते २५ ला गाडा, मोठा पाऊस बसायच्या आत. फुलाची वाट बघायची नाही, बोटांनी दांडा वाकवून बघायचा, कचकन तुटला तर वेळ झाली, साल सोलून धागा निघायला लागला तर उशीर झाला. गाडल्यावर ओल असेल तर तीन आठवड्यात कुजतो, मग सरी. आणि यंदा समजा वापसा हुकलाच, तर गाडूच नका, कापून सरीत नुसता आंथरा, जिवाणूंची ओढाओढ तेवढ्या वरच्या थरातच राहते आणि तण पण दबतं.

घाटावरची

आणि सगळ्या सव्वादोन एकरात एकदम नको दादा. पाच गुंठे तागाशिवाय सोडा, खत सगळीकडं सारखं, आणि तोडीला त्या पाच गुंठ्यांचा ऊस वेगळा मोजा. घरच्यांना आमच्या लिहिण्यापेक्षा तो वजनकाटा पटेल. गिरिपुष्पाच्या फांद्या पाहिजे असतील तर एप्रिलमध्ये आजऱ्याला या, हव्या तेवढ्या देते.