मदत हवी आहे: पावसाळ्यात कार्बन फायबरच्या पट्ट्यांत छिद्रं राहतायत

अंबडच्या शेडमध्ये ड्रोनसाठी कार्बन-इपॉक्सी प्रीप्रेगच्या (आधीच रेझिन भरलेलं कार्बन कापड) 3 मिमी पट्ट्या करतो. ओव्हन आणि व्हॅक्यूम बॅग आहे, ऑटोक्लेव्ह (दाबाखाली तापवणारी भट्टी) नाही. पाऊस लागल्यापासून कापलेल्या कडेवर भिंगाखाली, थरांच्या मध्ये, सुईच्या टोकाएवढी गोल छिद्रं दिसतात. ताणाच्या चाचणीत फारसा फरक नाही, तो भार धागेच पेलतात. पण शॉर्ट बीम चाचणीत (आखूड तुकडा वाकवून थरांमधली पकड तपासतात) पट्टी थरांतून उकलते. 1 टक्का पोकळीमागे ही थरांमधली ताकद साधारण 7 टक्के घटते म्हणतात, म्हणून माल थांबवलाय. बॅगची गळती तपासली, दर 4 थरांनी हवा काढली. फ्रीझरमधून काढलेला रोल रात्रभर सीलबंद ठेवूनच उघडतो. रेझिन बदलता येणार नाही, ग्राहकाने ठरवून दिलंय. अडकलेली हवा चपटी, लांबट दिसायला हवी ना? ही तर गोल आहेत, मग थरांत शिरलेली ओलच का? आणि असेल तर कापलेले थर क्युअरआधी (ओव्हनमध्ये तापवून रेझिन कडक करण्याआधी) व्हॅक्यूमखाली किती तास ठेवू?