ट्रॉलीत बसवलेलं मूल दांडा चाटतं, काय करू?

मदत हवी आहे, विशेषतः लहान मुलं असलेल्यांकडून. लेक दीड वर्षाची आहे. किराणा भरायला सुपरमार्केटात गेलं की तिला ट्रॉलीच्या सीटवर बसवावंच लागतं. मोकळी सोडली तर थेट तांदळात हात. आणि बसली रे बसली की दांडा चाटायला सुरुवात! दात येताहेत ना. त्याच ट्रॉलीत आधी कुणी चिकनचं गळकं पाकीट ठेवलेलं असू शकतं, आणि कच्च्या चिकनमधून साल्मोनेला (जुलाब-ताप आणणारा जिवाणू) पसरतो. सासूबाई म्हणतात, "आमची पोरं मातीत वाढली." माती परवडली हो!

त्यात इथल्या ट्रॉल्यांचे पट्टे तुटलेले, नाहीतर गायबच. ती उभी राहायला बघते. मूल वर बसलं की तोल वर सरकतो, ट्रॉली उलटू शकते. अमेरिकेतल्या बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेने २००६ मध्ये याच अपघातांबद्दल सावध केलं होतं. त्यात डोक्याला मार लागण्याचं प्रमाण मोठं.

कापडी सीट कव्हर कुणी वापरलंय का? दांडा पूर्ण झाकला जातो का, घरी धुता येतं का? नुसता दांडा पुसून भागतं का? की सरळ बेबी कॅरिअरमध्येच घ्यावं? पण अकरा किलोची आहे, पाठ बोलते. आणि पट्ट्यांबद्दल मॅनेजरकडे तक्रार करून कुणाला उपयोग झालाय का?