अनुभव धागा : लिनक्सने उपकरणाचे नाव बदलले तेव्हा

लिनक्स वापरणाऱ्या सर्वांना विनंती आहे की, संगणक पुन्हा सुरू केल्यावर एखाद्या डिस्कचे, नेटवर्क कार्डाचे किंवा यूएसबी उपकरणाचे नाव बदलल्यामुळे आपल्यावर काय प्रसंग ओढवला आणि आपण त्यातून कसा मार्ग काढला, हे इथे सविस्तर लिहावे. सुरुवात मी करतो.

एका छोट्या कार्यालयाचा सर्व्हर माझ्याकडे होता. लिनक्सने दिलेल्या नावांनुसार एसडीए ही मुख्य डिस्क, एसडीबी हिशेबांची आणि यूएसबीने जोडलेली एसडीसी बॅकअपची. दर रविवारी रात्री माझी स्क्रिप्ट एसडीसी१ हे पार्टिशन (त्या डिस्कचा पहिला भाग) फॉरमॅट करून, म्हणजे पुसून कोरे करून, त्यावर हिशेबांची ताजी प्रत उतरवत असे. एका शनिवारी संध्याकाळी वीज गेली, यूपीएसची बॅटरीही संपली आणि वीज आल्यावर सर्व्हर आपोआप सुरू झाला. हिशेबांची डिस्क वेगळ्या कंट्रोलर कार्डावर होती आणि त्या कार्डाचा ड्रायव्हर (ते चालवणारा प्रोग्रॅम) या वेळी यूएसबीच्या ड्रायव्हरनंतर चढला. त्यामुळे बॅकअपची डिस्क एसडीबी झाली आणि हिशेबांची एसडीसी. कोणती डिस्क कोणत्या फोल्डरात उघडायची हे सांगणाऱ्या एफएसटॅब या फाइलमध्येही मी एसडीबी१ असेच लिहून ठेवले होते, म्हणून हिशेबांच्या फोल्डरात आठवड्यापूर्वीची प्रत उघडली आणि वरवर सारे सुरळीत दिसले. रविवारी रात्री स्क्रिप्टने खरी हिशेबांची डिस्क फॉरमॅट केली आणि तिच्यावर ती जुनी प्रत उतरवली. सोमवारी सकाळी हिशेबनीस बाईंनी विचारले, "मागच्या सोमवारपासूनची एकही पावती दिसत नाही, असे कसे?" सहा दिवसांच्या नोंदी आम्ही दोघांनी कागदी पावत्यांवरून पुन्हा भरल्या.

एसडीए, एसडीबी ही ओळख नसून रांगेतला क्रमांक आहे, हे मला तेव्हा नीट उमगले. कर्नलला, म्हणजे लिनक्सच्या गाभ्याला, जी डिस्क आधी सापडेल तिला आधीचे अक्षर मिळते आणि शोध समांतर चालत असल्यामुळे तो क्रम दर वेळी तोच राहील अशी हमी कर्नल देत नाही. आता मी बीएलकेआयडी या आज्ञेने फाइल सिस्टिमचा (डिस्कवरील फाइलींच्या मांडणीचा) यूयूआयडी, म्हणजे तिचा वेगळा ओळखक्रमांक, पाहून तोच एफएसटॅबमध्ये लिहितो. फॉरमॅट करताना मात्र यूयूआयडी नवा तयार होतो, म्हणून स्क्रिप्टमध्ये डिस्कच्या अनुक्रमांकावरून यूडेव्ह या उपकरणांची नावे सांभाळणाऱ्या प्रोग्रॅमने बनवलेला बाय-आयडी हा दुवा, म्हणजे डिस्कचे पर्यायी नाव, वापरतो.

आयडीईच्या काळापासून लिनक्स वापरणारे

आयडीई ही डिस्क केबलने जोडण्याची जुनी पद्धत, एका केबलवर दोन डिस्क. त्या काळी एचडीए म्हणजे पहिल्या केबलवरची मास्टर (मुख्य) डिस्क आणि एचडीसी म्हणजे दुसऱ्या केबलवरची मास्टर, असे जागेवरून नाव ठरत असे. मधली एचडीबी काढून टाकली तरी एचडीसीचे नाव हलत नसे. २००७ साली फेडोरा ७ ही लिनक्सची आवृत्ती आली आणि त्याच आयडीई डिस्क एसडीए, एसडीबी म्हणून दिसू लागल्या. माझ्या जुन्या एफएसटॅबमधली स्वॅपची (मेमरी कमी पडल्यास वापरायच्या जागेची) ओळ एचडीए२ वरच राहिली होती आणि स्वॅप का चालू होत नाही, याचा शोध घेण्यात माझी एक दुपार गेली.

दूरच्या सर्व्हरची देखभाल करणारी

नेटवर्क कार्डांसाठी सिस्टमडी या लिनक्स सुरू करून सेवा सांभाळणाऱ्या प्रोग्रॅमच्या १९७ व्या आवृत्तीपासून, म्हणजे जानेवारी २०१३ पासून, जागेवरून ठरणारी नावे आली. ईएनपी३एस० म्हणजे ३ क्रमांकाच्या पीसीआय बसवरचे (बस म्हणजे संगणकात कार्डे जोडण्याचा मार्ग), शून्याव्या स्लॉटमधले इथरनेट कार्ड. मी यावर पूर्ण विसंबले होते. एकदा आमच्या सर्व्हरमध्ये पीसीआयवरच जोडली जाणारी एक एनव्हीएमई डिस्क वाढवली, त्यामुळे बसचे क्रमांक एकाने सरकले आणि त्याच कार्डाचे नाव ईएनपी४एस० झाले. नेटवर्कची जोडणी जुन्या नावावर लिहिलेली असल्यामुळे सर्व्हर नेटवर्कवर आलाच नाही आणि मला रात्रीच्या बसने तिथे जाऊन कीबोर्ड व पडदा जोडावा लागला. तेव्हापासून मी मॅक पत्ता (कार्डाचा हार्डवेअर क्रमांक) जुळवून नाव ठरवणारी लिंक फाइल लिहून कार्डाला लॅन० असे स्वतःचे नाव देते. ईटीएच० हे नाव आपण देऊ नये, कारण कर्नल स्वतः तीच नावे वाटतो आणि दोन्हींची टक्कर होऊ शकते.

शेतातील हवामान नोंदींचा प्रकल्प करणारा विद्यार्थी

माझ्याकडे यूएसबी जोडणीची सीएच३४० चिप असलेले दोन अर्डुइनो बोर्ड (प्रोग्रॅम करता येणारी छोटी सर्किटे) होते, एक मातीच्या ओलाव्यासाठी आणि एक तापमानासाठी. लिनक्सने त्यांना दिलेल्या टीटीवाययूएसबी० आणि टीटीवाययूएसबी१ या नावांची अदलाबदल झाली आणि चार दिवस ओलाव्याच्या रकान्यात तापमान साठत राहिले. सरांनी बाय-आयडी वापरायला सांगितले. पण माझ्या बोर्डांच्या चिपमध्ये अनुक्रमांकच नसल्यामुळे दोघांचा दुवा एकच बनत होता. शेवटी बाय-पाथ हा दुसरा दुवा वापरून पोर्टच्या जागेवरून ओळख ठरवली आणि आईच्या लाल नेलपॉलिशने ओलाव्याचा पोर्ट व त्याची केबल या दोन्हींवर ठिपका दिला. वायर काढून परत लावताना आता चूक होत नाही.

डिस्कची हुबेहूब प्रत काढणारे

यूयूआयडीवर विसंबणाऱ्यांसाठी एक जोड. डीडी या आज्ञेने डिस्कची प्रत काढली की यूयूआयडीही जसाच्या तसा उतरतो. माझ्या एक्सएफएस या फाइल सिस्टिमच्या दोन्ही डिस्क एकाच वेळी जोडलेल्या असताना दुसरी माउंट होण्यास (वापरासाठी उघडण्यास) नकार मिळाला, आणि तो मिळाला हे बरेच झाले. मी प्रतीला एक्सएफएस-ॲडमिन या आज्ञेने नवा यूयूआयडी दिला. मग दोन्ही डिस्क शेजारी शेजारी माउंट झाल्या.