क्योतोला हॉस्टेलमध्ये राहावं का? सोसायटीच्या ग्रुपवरची चर्चा

बी-४०२ काकू: मंडळी, एक सल्ला हवाय. लेक आणि तिची मैत्रीण दिवाळीनंतर जपानला जातायत. तोक्योत ओळखीच्यांकडे उतरतील, पण क्योतोला हॉस्टेल घ्यायचं म्हणतात. एका खोलीत सहा-आठ अनोळखी माणसं! तिच्या बाबांना ते अजिबात पटत नाहीये. सी विंगमधून कुणीतरी जाऊन आलंय ना?

सी-२०१ ताई: काकू, मी गेले होते आणि हॉस्टेलमध्येच राहिले होते. निर्धास्त राहा. बऱ्याच ठिकाणी फक्त बायकांची वेगळी डॉर्म असते, बुक करताना तीच निवडायला सांगा. प्रत्येक बेडला जाड पडदा, आत दिवा आणि चार्जिंगचा प्लग. पडदा ओढला की आपली छोटी खोलीच. दारातच बूट काढून कप्प्यात ठेवायचे, आत सपाता. रात्री दहानंतर सगळे कुजबुजत बोलतात. मौल्यवान वस्तूंना लॉकर असतो, कुलूप मात्र घरून न्यायचं.

बी-४०२ काकू: आणि अंघोळीचं?

सी-२०१ ताई: शॉवरच्या बंद केबिन असतात. शाम्पू-साबण बहुतेक ठिकाणी ठेवलेला असतो, टॉवेलचे पैसे वेगळे पडतात म्हणून पंचा न्यावा. नाणी टाकून चालणारं वॉशिंग मशीनही असतं, त्यामुळे कपडे कमी न्या. चेक-इन दुपारी तीन-चारनंतरच, पण सामान सकाळी ठेवून घेतात. परदेशी पाहुण्यांच्या पासपोर्टची प्रत घेतात, तो तिथला कायदाच आहे.

ए-१०३ काका: भाडं किती पडतं? १०० येनचे साधारण ५५-६० रुपये धरा.

सी-२०१ ताई: डॉर्मचा बेड एरवी ३ ते ४ हजार येनच्या आसपास मिळतो. शनिवारी रात्री दर चढतो. शिवाय शहराचा मुक्काम कर असतो, स्वस्त खोल्यांना माणशी रात्रीला २०० येन. पण काकू, खरा मुद्दा तारखांचा आहे. नोव्हेंबरच्या दुसऱ्या पंधरवड्यात तिथे मेपलची पानं लाल होतात आणि अख्खा जपान क्योतोला लोटतो. तेव्हा हेच बेड दुपटीच्या वर जातात. त्या दिवसांत जायचं असेल तर आजच बुक करा, नाहीतर तो पंधरवडा सुरू व्हायच्या आत परत यायचं ठरवा.

डी-५०४ दादा: जेआर पास, म्हणजे जपान रेल्वेचा पर्यटकांसाठीचा पास, काढायला सांगा, सगळं त्यात बसतं.

सी-२०१ ताई: दादा, आता नाही परवडत. ऑक्टोबर २०२३ मध्ये सात दिवसांचा पास २९,६५० वरून थेट ५०,००० येन झाला. तोक्यो ते क्योतो शिंकान्सेनचं, म्हणजे बुलेट ट्रेनचं, एका बाजूचं तिकीट १४ हजारांच्या आसपास पडतं. जाऊन-येऊन २८ हजार, मग पास कशाला? क्योतोत तर त्याचा उपयोग फारच थोडा, कारण सिटी बस आणि मेट्रोवर तो चालतच नाही. इकोका हे पैसे भरून वापरायचं कार्ड घ्यायचं, बस, मेट्रो, ट्रेन, दुकान सगळीकडे चालतं. सिटी बसचं भाडं मध्यवर्ती भागात सरसकट २३० येन. ज्या दिवशी खूप फिरायचंय त्या दिवशी मेट्रो-बसचा ११०० येनचा एकदिवसीय पास.

डी-५०४ दादा: बरं झालं सांगितलंस. मी ७०० येनचा बस पासही सुचवणार होतो.

सी-२०१ ताई: तो बंदच झाला, गर्दीमुळे. स्थानिक लोकांना बसमध्ये चढायला जागा मिळेना. म्हणून मोठ्या बॅगा घेऊन बसमध्ये चढायचं नाही, हे मुलींना आवर्जून सांगा. हॉस्टेल स्टेशनपासून किंवा मेट्रोपासून चालत जाता येईल असंच घ्या. दोनशे येन वाचवायला लांबचं घेतलं की ते पैसे बसमध्येच जातात.

बी-४०२ काकू: बघायचं काय काय? लेकीची यादी हातभर आहे.

सी-२०१ ताई: यादी अर्धी करा काकू, मनापासून सांगते. क्योतो पहाटे उठणाऱ्याला दिसतं. फुशिमी इनारी हे देवस्थान चोवीस तास उघडं आणि फुकट. क्योतो स्टेशनहून जेआर नारा लाइनने दुसरंच स्टेशन, भाडं १५० येन. दहा वाजता गेलं तर तिथल्या तोरीखाली, म्हणजे लाकडी कमानींखाली, माणसांच्या डोक्यांशिवाय काही दिसत नाही. सकाळी सहाला गेलात तर वाट तुमची. डोंगर २३३ मीटरचा, वरपर्यंत जाऊन यायला दोन-तीन तास लागतात आणि वर चढत गेलं की गर्दी आपोआप मागे पडते. जवळ गेलं की प्रत्येक तोरीच्या मागच्या बाजूला देणगीदाराचं नाव आणि तारीख कोरलेली दिसते, काही लाकडं तळाशी कुजलेली, काही अगदी ताज्या रंगाची. कियोमिझू-देरा मंदिर सकाळी सहाला उघडतं, तिकीट ५०० येन.

मग नान्झेन-जीचं आवार, तिथे मंदिराच्या मधोमध १८८८ सालचा विटांचा कालव्याचा पूल आहे. आवारात शिरायला पैसे नाहीत. तिथून जवळच दोन किलोमीटरची तत्त्वज्ञाची वाट सुरू होते. क्योतो विद्यापीठातले तत्त्वज्ञ निशिदा कितारो तिथून चिंतन करत चालायचे म्हणतात. ती वाट गिंकाकू-जी मंदिरापर्यंत जाते. हा पूर्ण दिवस पायी आणि जवळपास मोफत.

ए-१०३ काका: आपल्याकडच्या माणसाला विशेष वाटेल असं काही?

सी-२०१ ताई: सांजूसांगेन-दो मंदिर, काका! तिकीट ६०० येन, पण एका तिकिटावर पैसे खर्चायचेच असतील तर ते हेच. सव्वाशे मीटरच्या आसपास लांबीच्या लाकडी सभागृहात कान्नोनच्या हजार मूर्ती रांगांत उभ्या आहेत आणि मधोमध एक मोठी बसलेली. कान्नोन म्हणजे आपला अवलोकितेश्वर. त्यांच्यापुढे २८ रक्षक देवता, आणि त्यांत गरुड आहे! पंख आणि चोच असलेला, चक्क बासरी वाजवणारा. जपानीत कारुरा म्हणतात. इंद्र आणि ब्रह्मदेवही त्याच रांगेत आहेत. मी तिथे कितीतरी वेळ उभी होते. भारतातून बौद्ध धर्माबरोबर आपले देव चीनमार्गे एवढ्या लांब जाऊन पोहोचले, हे वाचून ठाऊक होतं, पण समोर पाहणं वेगळंच. आत फोटो काढू देत नाहीत, त्यामुळे डोळे भरून बघून घ्यायचं.

बी-४०२ काकू: वा! पण आमच्या पोरी शाकाहारी आहेत ग.

सी-२०१ ताई: इथे मात्र काटेकोर राहा. साधं उदोन, म्हणजे जाड नूडल्स, मागितलं तरी रस्सा दाशीचा, म्हणजे बहुधा माशाचा. मांस नाही एवढं सांगून भागत नाही. मासा आणि दाशीही नको, असं जपानीत लिहिलेलं कार्ड मोबाईलवर ठेवा. हॉस्टेलच्या स्वयंपाकघरात किटली आणि मायक्रोवेव्ह असतोच, म्हणून घरून तयार पोहे-उपम्याची पाकिटं न्या. कन्व्हिनियन्स स्टोअरमध्ये फळं, ब्रेड, दही मिळतं. संध्याकाळी सातनंतर सुपरमार्केटमध्ये तयार डब्यांवर निम्म्या किमतीची स्टिकरं लागतात, पण साहित्य वाचल्याशिवाय घेऊ नका. कोको इचिबान्या या करी रेस्टॉरंटच्या काही शाखांत शाकाहारी करी मिळते. एकदा तरी मंदिराचं शोजिन र्‍योरी जेवण घ्या, महाग पडतं, पण त्यात मांस-मासे नसतात आणि खर्च सार्थकी लागतो.

ए-३०२ मावशी: क्योतोच्या गिओन भागात गेइशांचे फोटो काढायला बंदी आहे ना?

सी-२०१ ताई: खाजगी गल्ल्यांत शिरायलाच बंदी आहे, १० हजार येन दंडाच्या पाट्या लावल्यात. मुख्य हानामी-कोजी रस्त्यावरून चालत जायचं, कुणाच्या मागे धावायचं नाही.

बी-४०२ काकू: लेकीने हे सगळं वाचलं. बायकांची डॉर्म, स्टेशनजवळची, नोव्हेंबरच्या पहिल्या आठवड्यातली शोधतेय. तिच्या बाबांनी पडद्यांचे फोटो मागितलेत.

सी-२०१ ताई: पाठवते. आणि बुकिंगमध्ये रद्द करायची मुदत बघून घ्या, मोफत रद्द होणारंच घ्या. बाबांना म्हणावं, काही विचारायचं असलं तर रविवारी चहाला या.