'एफिकसी'ला काय म्हणाल?

आडवाट: एलईडी बल्बच्या माहितीपत्रकाचं मराठी करतोय. एफिशियन्सीला 'कार्यक्षमता' लिहून मोकळा झालो, पुढच्याच ओळीत एफिकसी! 'गुणकारिता' लिहिलं की च्यवनप्राशची जाहिरात वाटते.

वीजबिल: दोन्हीला एकच शब्द नको. कार्यक्षमता टक्क्यांत असते. इथे आत वॅट जातात, बाहेर लुमेन येतात. आणि लुमेन म्हणजे माणसाच्या डोळ्याला जाणवेल तेवढाच उजेड. 555 नॅनोमीटरच्या हिरव्या प्रकाशाला वॅटमागे 683 लुमेन धरतात. जुना 60 चा बल्ब जेमतेम 12-13 द्यायचा, आताचे एलईडी 100 च्या आसपास देतात.

खोडरबर: मग सरळ 'ॲव्हरेज' लिहा. गाडीचं विचारतोच ना, ॲव्हरेज काय देते?

शब्दवेल्हाळ: ते इंग्रजीतही चूक आणि मराठीतही. 'दीप्तिफल' घ्या.

खोडरबर: हे कुठल्या झाडाला लागतं?

माजघर: आमच्याकडे 60 चा, 100 चा आणि झिरोचा, एवढ्यावर संसार झाला. आता खोक्यावर सीआरआय, म्हणजे उजेडात रंग किती खरे दिसतात तो आकडा, 80 लिहितात, तरी दुकानात मरून दिसलेली साडी घरी येऊन चॉकलेटी निघते.

वीजबिल: त्या 80 मध्ये 8 फिकट रंगांची सरासरी असते हो, गडद लाल त्यात धरतच नाहीत. आणि झिरोचा बल्बही चांगला 12-15 वॅट खायचा.

आडवाट: बरं, 'आयुष्य 25000 तास' म्हणजे त्यानंतर बल्ब विझतो, असंच ना?

वीजबिल: नाही. बहुतेक वेळा तेवढ्या तासांनी मूळ उजेडाच्या 70 टक्के उरतो, असा त्याचा अर्थ. मंदावतो.

माजघर: आणि दिवा 'विझला' म्हणू नये, तिन्हीसांजेला तर नाहीच. मालवला म्हणावं.

शब्दवेल्हाळ: मालवणे सकर्मक आहे. आपण मालवतो तो मालवतो, आपोआप जातो तो विझतो.

माजघर: मग 'प्राणज्योत मालवली' हे रोज पेपरात येतं, ती कोण मालवतं?

शब्दवेल्हाळ: पेपरवाल्यांची भाषा प्रमाण मानायची झाली तर बोलणंच खुंटलं.

खोडरबर: आमच्या हॉलमधला ना मालवलाय ना विझलाय, नुसता लुकलुकतोय. त्याला कुठलं क्रियापद?

वीजबिल: ड्रायव्हर गेला असेल.

माजघर: अगं बाई, कुणाचा?