केबलींमुळे आवाजात पडणारा फरक मोजमापांनी उलगडतो का?

मंद्रसप्तक (धागाकर्ता):
केबल बदलल्यावर आवाज बदलला असे सांगणारे रसिक खोटे बोलत नसतात, परंतु 'हा फरक कोणत्याही उपकरणाला सापडणार नाही' हे त्यांचे पुढचे विधान मला मान्य नाही. समजा, स्पीकर ५ मीटरवर आहे आणि त्याला ०.७५ चौरस मिलिमीटरची तांब्याची तार जोडली आहे. जाऊन-येऊन १० मीटर तारेचा रेझिस्टन्स (विद्युतप्रवाहाला होणारा विरोध) सुमारे ०.२३ ओहम होतो. त्या स्पीकरचा इम्पीडन्स (कंप्रतेनुसार, म्हणजे दर सेकंदाच्या कंपनांनुसार, बदलणारा असाच विरोध) एका कंप्रतेला ४ आणि दुसरीला ३० ओहम असेल, तर या तारेमुळे त्या दोन कंप्रतांच्या पातळीत सुमारे ०.४ डेसिबलचा फरक पडतो, २.५ चौरस मिलिमीटरच्या तारेने तोच ०.१३ डेसिबलवर येतो. शिवाय केबल काढून पुन्हा लावताना जॅकवरचा गंज घासला जातो आणि श्रेय मात्र नव्या केबलला मिळते. यातले काहीही मीटरपासून लपलेले नाही.

तारषड्ज:
असहमत. आपण जाड आणि बारीक तारेचे गणित मांडले आहे, त्यावर वाद नाहीच. ज्यांचे रेझिस्टन्स, कपॅसिटन्स (विद्युतभार साठवण्याची क्षमता) आणि इंडक्टन्स (प्रवाहातल्या बदलाला होणारा विरोध) जवळपास सारखे आहेत, अशा दोन केबलींमध्येही मला वाद्यांमधली मोकळी जागा वेगळी ऐकू येते. एकाच पट्टीत लावलेले दोन तानपुरे घ्या: मीटर दोघांनाही सुरात ठरवील, पण जवारीतला (तारेच्या झणकारातला) फरक कान क्षणात ओळखतो.

मंद्रसप्तक:
तानपुऱ्याचे उदाहरण आपल्याच विरुद्ध जाते. जवारीतला फरक वर्णपटातल्या (आवाजातल्या कंप्रतांच्या आलेखातल्या) वरच्या स्वरांशांत स्पष्ट दिसतो. तिथे चूक मोजमापाची नसून केवळ पट्टी मोजण्याची आहे. केबलींच्या बाबतीत तर काय मोजावे हे आधी ठरवण्याचीही गरज नाही. तेच संगीत दोन्ही केबलींमधून रेकॉर्ड करून, पातळी आणि वेळ जुळवून, एकातून दुसरे वजा करावे. उरलेला भाग संगीताच्या १०० डेसिबल खाली असेल, तर ती मोकळी जागा कोणत्या संदेशात दडली आहे, हे आपणच सांगावे.

खुंटीपिळ्या:
दोघेही केबल एकटीच असल्यासारखे बोलत आहात. टर्नटेबलच्या मूव्हिंग मॅग्नेट कार्ट्रिजचा (सुईची कंपने चुंबकाच्या साहाय्याने विद्युतसंदेशात बदलणाऱ्या भागाचा) इंडक्टन्स ५०० मिलिहेन्री धरला, तर केबल धरून एकूण २०० पिकोफॅरड कपॅसिटन्सला अनुनाद (ज्या कंप्रतेला संदेश फुगतो ती जागा) १६ किलोहर्ट्झच्या आसपास येतो आणि ४०० पिकोफॅरडला तो ११ किलोहर्ट्झपर्यंत उतरतो. हीच केबल २०० ओहम आउटपुट इम्पीडन्सच्या डिजिटल प्लेअरला लावली, तर ऐकू येणाऱ्या पट्ट्यात तिने काही केल्याचा पत्ताही लागत नाही. तेव्हा वजाबाकी करायची ती प्रत्यक्ष जोडणीत करावी. टेबलावर सुट्या ठेवलेल्या केबलीचे आकडे इथे अपुरे पडतात.

तारषड्ज:
खुंटीपिळ्या यांचा मुद्दा मान्य. तरीही वजाबाकीत काय उरले हे कळले, म्हणून काय ऐकू येते हेही कळले, असे होत नाही. उरली ती अंध चाचणी (कोणती केबल जोडली आहे हे न सांगता घेतलेली), आणि तिथे दहा-दहा सेकंदांचे तुकडे ऐकवून, दडपणाखाली उत्तर मागितले जाते. कोणी १६ पैकी ९ वेळा बरोबर ओळखले, तर त्याने फरक नाही हे सिद्ध होत नाही.

मंद्रसप्तक:
सिद्ध होत नाही, हे खरे. पण १६ पैकी १२ किंवा अधिक उत्तरे निव्वळ अंदाजाने बरोबर येण्याची शक्यता ४ टक्क्यांहून कमी असते, म्हणजे ऐकू येणाऱ्याला दार उघडे आहे. तुकडे लहानच हवेत असाही नियम नाही. हवा तेवढा वेळ घ्यावा. जोडलेली केबल कोणती हे आपल्याला ठाऊक नसावे आणि पातळी ०.१ डेसिबलच्या आत जुळलेली असावी, एवढेच पुरे.

तारषड्ज:
मग मी प्रत्येक फेरीला एक आठवडा घेईन. केबल झाकून बदलण्याचे काम खुंटीपिळ्या यांनी करावे, आणि सोळा आठवडे संपेपर्यंत वजाबाकीचा निकाल मला कोणीही सांगू नये.