कलम ३६ आहे, पण आपल्याला लागू नाही

एआयवर चालणाऱ्या शस्त्रांसाठी आंतरराष्ट्रीय कायदाच नाही, असं म्हटलं जातं, ते मला पटलं नाही. युद्धाचे नियम ठरवणाऱ्या जिनिव्हा करारांच्या १९७७च्या पहिल्या अतिरिक्त प्रोटोकॉलचं (पुरवणी कराराचं) कलम ३६ बघा: नवं शस्त्र घेताना त्याचा वापर कायद्यात बसतो का, हे त्या देशाने स्वतःच तपासायचं. गोम अशी की भारत त्या प्रोटोकॉलमध्ये सामीलच नाही. वर २०२३च्या डिसेंबरात संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेत अशा शस्त्रांवरचा ठराव आला, तेव्हा आपण विरोधात मत दिलं.

माझी भाची इथे बडोद्यात लॉ करते. तिच्या मूट कोर्टाला (विद्यार्थ्यांच्या सरावाच्या खटल्याला) नेमका हाच विषय होता. चॅटबॉटने तिला भारत त्या प्रोटोकॉलचा सदस्य असल्याचं सांगितलं, वर मान्यता दिल्याचं सालही ठोकून दिलं! रेडक्रॉसने दिलेल्या प्रोटोकॉलच्या सदस्य देशांच्या यादीत भारताचं नाव सापडेना, तेव्हा कुठे उलगडा झाला. समोरच्या टीमने मात्र तेच साल छापून आणलं होतं.